आवाज आधी थांबला

माझा जन्म जुहूच्या कोळीवाड्यातला, लग्न करून आले वर्सोव्याला, म्हणजे दर्या तोच आणि डोक्यावरून जाणारी ती लहान विमानंही तीच. नवी नवरी असताना मी इतकी भित्री, काय सांगू तुला, साहेब दिसला की स्वतःचं नाव विसरायचे. एकदा मतदारयादीवाला आला, नाव विचारलं, मी घाबरून सासूचं सांगितलं. झालं, कागदावर नवऱ्याला दोन आया आणि बायको एकही नाय. ती येडी पोर मीच बरं.

तर गेल्या थंडीत आम्ही बायका वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळत घालत होतो, जोडी जोडीने, तोंडात तोंड अडकवून. वर विमान आलं आणि त्याचा आवाज थांबला. आवाज थांबला, मंग ते खाली आलं, आता आमच्यावरच पडतं असं वाटलं, तर वळलं दर्याकडे आणि पाण्यात गेलं. आमच्या होड्या धावल्या, पण पायलट गेला होता. एकटाच होता आत.

दोन दिवसांनी माझ्या पोराच्या जाळ्यात विमानाचा पत्रा आला. आमच्यात बुडालेल्याची वस्तू मिळाली की गोड्या पाण्याने धुवायची, हळदकुंकू लावायचं आणि त्याचं माणूस येईपर्यंत सांभाळायची. मी काथ्याने घासघासून चकचकीत केला. चौकशीचे साहेब आले, बघून कपाळाला हात. आजी, पुरावा धुतलात तुम्ही. चुकलं, कबूल केलं.

मंग जबानी. साहेबांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, विमान फार खाली आलं, नंतर आवाज बंद झाला. मी बोलले, उलटं लिहिलंत. ते बोलले, या वयात होतं आजी मागेपुढे. आता ही साधी गोष्ट नाय, बाय. पेपरात आलं होतं, पायलट मजा म्हणून खाली उडत होता, आणि त्याची आई दिंडोशीहून येऊन माझ्या ओट्यावर बसून गेली होती, मावशी, माझा मुलगा तसला नव्हता हो, एवढंच म्हणत.

मी बोलले, सही नाय करणार. साहेब बोलले, पुरावा धुतलात आणि वर आम्हाला शिकवता? पुरावा धुतला, कान नाय धुतले, मी बोलले, चाळीस वर्षं किनाऱ्यावर नवऱ्याची वाट बघितली, कोणाची होडी येते ते मशीनच्या आवाजावर सांगते. तेवढ्यात भिंतीपलीकडे किनाऱ्यावर एका होडीची मशीन वाजली. मी बोलले, ही आमच्या शेजारच्या धर्माची, आणि खोकतेय, डिझेलात पाणी गेलंय. साहेबांचा हाताखालचा माणूस बघून आला. धर्माच होता, मशीनला शिव्या घालत डिझेल गाळत बसला होता.

साहेबांनी तो कागद बाजूला सारला, नवा घेतला, मी सांगितलं तसं लिहिलं, मंग मी सही केली.

चौकशी अजून चालू आहे. जाताना साहेब बोलले, शेवटी अहवालात काय येईल ते मी सांगू शकत नाय. येऊ दे काय यायचं ते. त्याची आई अधूनमधून येते, वरून विमान गेलं की मान खाली घालते, मी सांगते, वर बघ गं, लाज वाटावी असं तुझ्या पोराने काय केलेलं नाय. त्या दिवशी वलांडीखाली आम्ही बारा जणी होतो. बाराही जणी आज बाजारात बसून एकमेकींशी भांडतात. कोणाला खोटं वाटत असेल त्याने यावं आणि मोजून घ्यावं.