तळघरातली उबदार खोली

— नाही हो मॅडम, चावी हरवलेली नाहीये. हे मी सांगायचं नव्हतं खरं तर. मोठ्या काकांनी बजावलंय, पाणी द्यायचं, समोर बसायचं, तोंड उघडायचं नाही — आणि म्हणूनच मला पाठवलं ना, घरात मला घुमीच म्हणतात, शाळेत बाईंनी नुसती हजेरी घेतली तरी माझे कान लाल होतात. चावी काकांच्या खिशात आहे. तरी काका, काकू आणि बाबा तिघं मिळून ती शोधतायत. आत्ता धप्प झालं, ऐकलंत? ती गादी. तळघरातून जिन्याखाली चाललीय. हो, त्याच खोलीतून, हाय व्होल्टेजच्या — तुम्ही तपासायला आलात त्याच.

हसू नका ना, मग मलाही हसू येतं. आणि काकूंचं तरी काय चुकलं, सांगा? अख्ख्या इमारतीत तेवढी एकच खोली उबदार. ट्रान्सफॉर्मर दिवसरात्र घूं घूं करत तापतो, गादीला दमट वास येत नाही, दोन तासांत चादरी खडखडीत वाळतात. दारावरची कवटीची पाटी? आहे की! फक्त तिच्यावर काकूंनी फुलांचं कॅलेंडर लावलंय, पहिल्या मजल्यावरच्या आजी दचकायच्या म्हणून. आणि शॉक लागू नये म्हणून पॅनलसमोर ठेवायची रबराची चटई वर काकांच्या खोलीत आहे. पोट कमी करायचे व्यायाम करतात तिच्यावर, घसरत नाही म्हणे. पोट आहे तिथेच आहे, चटईला मात्र मधोमध खड्डा पडलाय.

काकांना विचारून बघा, इमारतीचा मालक कोण — चार मजल्यांना ऐकू जाईल असं सांगतील, मी! आणि मग त्या खोलीचं विचारा — ते वीज कंपनीचं काम. पण तुमच्या ऑफिसचं पत्र आलं ना, ते मीच वाचून दाखवलं, काकांना चष्मा सापडत नव्हता. दाराला कुलूप कोणी लावायचं? मालकाने. खोली कोरडी आणि रिकामी कोणी ठेवायची? मालकाने. परवाना असलेल्या माणसाकडून देखभाल कोणी करून घ्यायची? मालकाने. मी वाचत गेले आणि काका खुर्चीत खाली खाली सरकत गेले. शेवटी म्हणाले, नीट वाच गं, भलतंच काहीतरी वाचतेस. नीटच वाचत होते.

तसा परवान्याचा माणूस एकदा आला होता. तो म्हणाला, आधी वीज बंद करा, त्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही. झालं! लिफ्ट अडकली, दुसऱ्या मजल्यावरचा दातांचा दवाखाना बंद पडला — एक पेशंट आ वासून तासभर तसाच — केवढा आरडाओरडा! तेव्हापासून त्याला बोलावणं बंद. आता वीज चालूच असते आणि बाबा आत जाऊन बघतात. काकांनी काहीही सांगितलं तरी बाबा नाही म्हणत नाहीत, धाकटे ना. परवाना? बाबांकडे? स्कूटरचा आहे.

नोंदवही? तुमच्या हातात आहे ती काय. चांगली ठेवलीय ना? दर महिन्याला तपासणी, दर महिन्याला सही, कुठे खाडाखोड नाही, अक्षर कसं — हो. म्हणजे... हो, माझंच आहे. आज सकाळी लिहिली. दोन निळी पेनं, एक काळं, काका म्हणाले आलटून पालटून वापर. बारा महिने वीस मिनिटांत झाले, सगळीकडे "ठीक". फक्त ऑगस्टला माझा हात अडला. बघा ना, तिथे शाईचा ठिपका पडलाय.

ऑगस्टमध्ये ठीक नव्हतं, मॅडम. छतातला पाण्याचा पाइप गळत होता, खाली तळं साचलं होतं. बाबा ते पुसायला आत गेले — पायात साध्या चपला, रबराची चटई वर काकांकडे, व्यायामाला. मी दारात टॉर्च धरून उभी होते. त्यांचा हात बाजूच्या छोट्या पॅनलला लागला. छोट्याला, मोठ्याला नाही. मोठ्याला लागला असता तर — तर मी आज "ठीक" कोणासाठी लिहिलं असतं? ते मागे फेकले गेले आणि उठून आधी मलाच म्हणाले, टॉर्च नीट धरायची गं. आणि मग म्हणाले, आईला सांगायचं नाही.

मी आईला सांगितलं नाही. तुम्ही काही आई नाही.

तुम्ही पास करू नका, मॅडम. वीज बंद करायला लावा, लिफ्ट बंद पडू दे, भाडेकरू ओरडू देत, काका महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत — चालेल, तसंही मी कुठे बोलते. फक्त मी सांगितलं असं म्हणू नका. आणि आत्ता खाली गेल्यावर बाबाच पुढे होऊन दार उघडतील, त्यांना उघडू देऊ नका. त्यांना आधी डावा तळहात दाखवायला सांगा. ते म्हणतील, इस्त्रीचा चटका आहे, आईलाही तेच सांगितलंय, पण आमच्याकडे इस्त्री तर गेल्या वर्षीच — आले काका! हो, सापडली का चावी? — आणते त्यांना, आणते — नाही काका, काही नाही, आम्ही नुसत्या बसलो होतो.