चिठ्ठी नसलेली डिस्क

नाही मॅडम, होत नाही असं मी म्हटलंच नाही. होतं. करू नका असं म्हणतोय, त्यात फरक आहे. – बसा ना, उभ्या का? ते खोकं सरकवा बाजूला, कीबोर्डच आहेत त्यात, मेलेले. हां. तर हा लॅपटॉप – तेरा वर्षं म्हणालात ना? मागची बाजू बघूनच कळतं. कंपनीनं याला कधीचंच वाऱ्यावर सोडलंय. म्हणजे मशीन धडधाकट आहे, पडदा चांगला आहे, बॅटरी मी बदलून देईन, पण नवी सिस्टीम टाकायला गेलं की ती आधी विचारते, तू कुठल्या सालचा? आणि हा बिचारा खरं सांगतो. झालं, ती दारातूनच परत. मग आम्ही काय करतो – आम्ही म्हणजे हे उद्योग करणारे सगळे, जगभर पसरलेत, एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत – आम्ही मध्ये एक छोटा प्रोग्राम बसवतो. तो याच्या वतीनं खोटं सांगतो. मी चारच वर्षांचा आहे म्हणतो. वय चोरायचं, दुसरं काही नाही. सिस्टीमला पटतं, ती आत येते, आणि मग रडारड सुरू – वायफाय सापडत नाही, पडदा अडखळतो, कॅमेरा लागत नाही – की एकेक जुना भाग शोधून परत आत बसवायचा. आणि एवढं करून अपडेट आलं की आपलं सगळं केलेलं पुसून जातं, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी झाकणावर कागद चिकटवून देतो, ‘अपडेट करू का विचारलं तर नको म्हणा’. लोक काय करतात? हो म्हणतात. इतक्या अदबीनं विचारतं ना ते, नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

काय म्हणालात? – आत काही नाही, सरळ पुसून टाका? बघा, सगळे हेच म्हणतात. आत काही नाही. मी वीस वर्षं हे काम करतोय, आत काही नाही असं मशीन मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून माझा नियम आहे. कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी त्याची जशीच्या तशी नक्कल घ्यायची, वेगळ्या डिस्कवर. त्या डिस्कला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावायची आणि ती त्या फळीवर ठेवायची – ती बघा, वरची. महिनाभर हलवायची नाही. महिन्यानं चिठ्ठी काढायची, की डिस्क रिकामी समजायची, पुढच्या कामाला घ्यायची. साधं आहे. चिठ्ठी आहे तर कुणाची तरी आहे, चिठ्ठी नाही तर कुणाचीच नाही. वीस वर्षांत एकदाही गडबड झाली नाही.

एकदा झाली.

एक बाई होत्या. गिऱ्हाईकच. वयस्कर, साठीच्या पुढच्या. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं, मोठं, आवाजाची पेटीच काढली होती. बोलता येत नाही म्हणजे अजिबात नाही, शब्द तर सोडाच, हुंकारही नाही. पण ऑपरेशनच्या आधी त्यांनी एक हुशारी केली होती – त्यांनी नाही, त्यांच्या भावानं शोधून काढलं होतं ते. एक कंपनी होती, ती काय करायची, तुमच्याकडून सहाशे वाक्यं वाचून घ्यायची, तुमच्याच आवाजात, आणि त्यातून तुमचा आवाज तयार करून द्यायची. मग तुम्ही टाईप करायचं आणि लॅपटॉपनं तुमच्या आवाजात बोलायचं. पंधरा दिवस वाचत होती ती. हॉलमध्ये गाद्या भिंतीला उभ्या केल्या, पंखा बंद, घाम पुसत पुसत वाचायची. आणि वाक्यं तरी कसली – मंगळवारी बस उशिरा आली. काकूंच्या छत्रीला चार काड्या आहेत. एकशेबाराव्या वाक्याला तिला हसू आवरेना, मला म्हणाली, गुंड्या, मरायला टेकलेल्या माणसाला काकूंची छत्री कशाला रे वाचायला लावतात? मी माईक बंद करून आधी हसून घेतलं आणि –

हो. माझी बहीण. ताई माझी. गिऱ्हाईक नाही. कळलंच असेल तुम्हाला, मी काही फार चांगलं खोटं बोलत नाही, ते काम मी मशीनकडून करून घेतो.

तर आवाज आला तयार होऊन. थोडा सर्दी झाल्यासारखा, वाक्याच्या शेवटी उगाच वर चढायचा, पण ताईचा. शंभर बायकांत ओळखला असता मी. नऊ वर्षं ती त्या आवाजात बोलली. भाजीवाल्याशी भांडायची सुद्धा, लॅपटॉप उघडून, खिडकीत ठेवून. मला रागवायची. टाईप करायला तिला वेळ लागायचा, त्यामुळे मी काहीतरी बोलायचो, ती टकटक करत बसायची, तोपर्यंत मी विसरून चहा प्यायला लागायचो आणि मग मागून आवाज यायचा, तुला अक्कल कधी येणार? कशाबद्दल तेच आठवायचं नाही. इतकं हसायचो आम्ही. म्हणजे मी हसायचो, ती खांदे हलवायची.

आता मुलगी आहे तिची, माझी भाची, लांब असते, दुसऱ्या देशात. एकुलती एक. तिच्याशी ताई आठवड्यातून एकदा बोलायची, पडद्यावर बघून. आणि गेल्या वर्षी तो व्हिडिओ कॉलचा जो प्रोग्राम आहे, त्यानं सांगितलं, तुमची सिस्टीम फार जुनी झाली, आता मी इथे चालणार नाही. झालं ना मग. मोबाईलवर चेहरा दिसायचा पण तो आवाज मोबाईलवर चालायचा नाही, आणि तिला मुलगी मोठी दिसायला हवी होती, भाचीला दिवस गेले होते तेव्हा. पोट कुठे दिसतं एवढ्याशा मोबाईलमध्ये? ताई म्हणाली, नवा लॅपटॉप घेऊ का? मी म्हटलं, कशाला? मी इथे जगाच्या म्हाताऱ्या लॅपटॉपांना उभं करतो आणि माझ्या बहिणीनं नवा घ्यायचा? लोक काय म्हणतील? – लोक काहीच म्हणणार नव्हते, मॅडम. माझाच ताठा होता तो. दुसरं काही नाही.

शुक्रवारी घेतला तिचा लॅपटॉप. नक्कल घेतली – घेतली हो, नियम म्हणजे नियम. पण चिठ्ठी नाही लावली. सख्ख्या बहिणीच्या डिस्कला कोण चिठ्ठी लावतं? काय लिहायचं, ताई? मग सगळं पुसलं, नवी सिस्टीम टाकली, वय चोरलं, वायफाय लावला, कॅमेरा लावला, नकलेतून तिचे फोटो, पत्रं, रेसिपी, सगळं परत आणून ठेवलं. प्रोग्राम नाही आणले. प्रोग्राम परत टाकता येतात, माणसाचं स्वतःचं ते तेवढं जपायचं – हे मीच सगळ्यांना सांगत आलोय, याच खुर्चीत बसवून. आवाज चालतो का बघितला. हो, बघितला. गाणं लावून बघितलं. मस्त वाजलं. म्हटलं, आवाज ओके.

शनिवारी दुपारी तिला वर नेऊन दिला – ती इथेच, दुकानाच्या वर राहते – आणि खाली परत येतो तर ड्रायव्हिंग स्कूलचा मालक दारात उभा. त्याचं मशीन बसलेलं, सोमवारी परीक्षा होत्या, नुसता नाचत होता. मी घाईघाईत फळीवर हात घातला, बिनचिठ्ठीची डिस्क दिसली, घेतली. लावली. त्याची नक्कल तिच्यावर चढवली. शिकाऊ ड्रायव्हरांचे साडेचार हजार फॉर्म, फोटोंसकट. मी समोर बसून बघत होतो, पट्टी भरत जाताना. चहा पीत होतो मी.

रविवारी सकाळी फोन लागला. चित्र काय सुंदर आलं, मॅडम – भाचीच्या मागे खिडकी, खिडकीत कुंडी, ती उठून बाजूनं उभी राहिली, आईला पोट दाखवलं. ताईनं दोन्ही हात तोंडावर धरले. मी मागे उभा, मलाच शाबासकी देत. मग ताईनं टाईप करायला आवाजाचा प्रोग्राम उघडायला घेतला – तो नाहीच. मी म्हटलं थांब, टाकतो परत, दोन मिनिटांचं काम. जुनी फाईल होती माझ्याकडे, टाकली. नवी सिस्टीम म्हणते, ही फार जुन्या धाटणीची आहे, मी घेत नाही. बरं. दुसऱ्या मशीनवर जुनी सिस्टीम टाकून बसवला, तर तो प्रोग्राम म्हणतो, थांबा, कंपनीला विचारून तुमचा आवाज मागवतो. कंपनीच नाही. कधीची बंद पडलीय. तो विचारतोय, विचारतोय, नुसतं चाक फिरतंय. आवाज तिच्या जुन्या प्रोग्रामच्या पोटात होता, आणि तो होता फक्त त्या नकलेत, आणि नकलेवर साडेचार हजार शिकाऊ ड्रायव्हर.

सगळं केलं हो. नका सुचवू. पुसलेलं काढून देणाऱ्या दोघांकडे डिस्क पाठवली, दोघांनी फॉर्मच काढून दिले. कंपनीत कोण होतं ते शोधलं, एकानं उत्तर दिलं, सहाशे वाक्यं पण कंपनीबरोबरच गेली म्हणून. मग कुणीतरी सांगितलं, आता थोड्याशा आवाजावरून पण बनवून मिळतो. माझ्या जुन्या फोनमध्ये तिचा एक निरोप आहे, ऑपरेशनच्या आधीचा – दार नुसतं लोटलंय, बेल वाजवू नकोस, शेजारचं बाळ झोपलंय, एवढाच. त्यावरून बनवून आणला. गोड होता, बातम्या देतात तसला. ताईनं ऐकला, पूर्ण ऐकला, आणि पाटीवर – आता पाटीच असते तिच्या हातात – लिहिलं, ‘ही कोण?’ मी बंद केला.

भाचीला मी काय सांगितलं असेन? दोन दिवसांत होतंय. मामा, आईचा आवाज कधी? दोन दिवस. दर रविवारी दोन दिवस. ताईलाही तेच. आठ महिने. बाळंतपण झालं, मुलगी झाली, ताई पाटी धरून बसलेली पडद्यासमोर, ती पाटी उलटी दिसते का सुलटी हेच मी बघत बसायचो. तान्ह्या बाळाला पाटी काय दाखवणार? भाची म्हणायची, मामा, निदान हिला आईचा आवाज कानावर पडू दे ना, तुम्ही दोघं मनावर घेत नाही. मी वाकून वायरी तपासत बसायचो.

मग एका रविवारी मी वर गेलो तर फोन आधीच लागलेला, आणि भाची ताईला रागवत होती. चांगलीच. किती वेळा सांगितलं आई, कळत नाही तर बटणं दाबू नकोस म्हणून, मामाला तरी विचारायचंस, आता कायमचं गेलं ना. आणि ताई मान खाली घालून ऐकत होती. मांडीवर पाटी. पाटीवर लिहिलेलं, ‘माझ्याच हातून पुसलं गेलं. मामाला बोलू नकोस.’

तिला माहीत होतं हो. पहिल्या दिवसापासून कळलं असणार, माझं तोंड बघून. मी तिथे दारात उभा. मला तर बोलता येतं ना, मॅडम? मला काय झालंय? एक वाक्य होतं बोलायचं – अगं, मी केलं. नाही बोललो. मी म्हटलं, जाऊ दे, चूक होते माणसाच्या हातून. असं म्हटलं मी. तिच्या खांद्यावर हात ठेवून. भाची म्हणाली, मामा, तू फार सांभाळून घेतोस तिला.

– ऐकलंत? वरून ठोकतंय ते. ताईच. पळीनं ठोकते जमिनीवर, हाक मारता येत नाही म्हणून. दोनदा म्हणजे जेवायला ये. हे तीनदा होतं. तीनदा म्हणजे फोन लागलाय, भाची आलीय.

नाही, तुम्ही उठू नका. बसा. रविवारी दुकान उघडं कसं असं वाटलं असेल तुम्हाला. आता रविवारीच उघडतो. गिऱ्हाईक आहे खाली, म्हणून सांगता येतं. खरं सांगायचं तर तुमचं काम मी मघाशीच नाही म्हणून सांगितलं असतं, दोन मिनिटांत गेल्या असतात. पण मग खाली कुणी नसतं, मॅडम.

परत ठोकलं. पाच मिनिटं बसा फक्त. ती दोनदाच बोलावते, तिसऱ्या खेपेला नाही ठोकत.