आडवा फोन

सगळ्यांच्या वेबसाइट दुरुस्त करतेस, मग आईचीच तशी का ठेवलीस, असं तुम्ही नेहमी विचारता ना? ऐका मग.

आई खामगावात पापड करून विकते. तिच्यासाठी मी पुण्यात बसून वेबसाइट केली. वरती मोठा फोटो टाकला: आई-बाबा गच्चीवर पापड वाळत घालताहेत आणि उजव्या कडेला मी. दोन उन्हाळ्यांपूर्वीचा, मी शेवटची घरी गेले तेव्हाचा. माझ्या मोठ्या स्क्रीनवर झकास दिसत होता.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "काऊन वं, तू कुठी गेली? आमी दोघंच दिसून राह्यलो."

उभ्या फोनवर फोटोची कड कापली जात होती. रोज हेच काम करते आणि घरचीच साइट फोनवर बघायला विसरले! म्हटलं, "संध्याकाळी नीट करते, तोवर फोन आडवा धर, दिसेन मी."

संध्याकाळी दुरुस्त केलं. उभ्या फोनवरही तिघं दिसायला लागलो.

आठवड्यानं आई म्हणाली, "ते पहिल्यासारखं करून दे मले."

"अगं, आता तर मी कायम दिसते!"

"हाव. पण फोन आडवा केला का तू बाजूनं येत होती. दारातून घरात आल्यावानी."

जुनंच परत चढवलं.

परवा ऑफिसातल्या नव्या मुलीनं ती साइट पाहिली. "ताई, मोबाइलवर तुम्हीच कापल्या जाताय."

म्हटलं, "राहू दे. क्लायंटनं तसंच मागितलंय."