मॅनियनची मॅनियन

सबाइना : नाही ओनरकाकू, तुमच्या हातचा नको. सुनेच्या हातचाच पाव हवाय.

ओनर : कमाल झाली! बांधापलीकडे राहतेस, जन्मभर माझा पाव खाल्लास, आणि आज नको? या घरात पाव मी भाजते. डेलियानं लग्न होऊन आल्यापासून चुलीला हात लावलेला नाही.

डेलिया : लावू कुठे दिलात?

सबाइना : अहो, तुम्ही माहेरच्या जॉइस. ही माहेरचीही मॅनियन, सासरचीही मॅनियन. लग्न होऊन जिचं आडनाव बदललं नाही, तिच्याच पावानं डांग्या खोकला जातो. अख्ख्या कॉनेमारात दुसरी आहे का अशी?

डेलिया : तुझा कोलमन फार खोकतोय?

सबाइना : खोकून खोकून निळा पडतो गं पोरगा. डॉक्टरांचं औषध चालू आहे, पण माझा जीव थाऱ्यावर नाही.

डेलिया : सासूबाई, करू मी?

ओनर : पोराच्या जिवापुढे मी काय बोलणार? कर. ताक बेतानं... अगं, इतकं मळू नकोस, दगड होईल! भांड्याच्या झाकणावर निखारे कोण ठेवणार?

डेलिया : तुम्ही अशा डोक्यावर उभ्या राहिलात की माझं सगळंच चुकतं. हिवाळ्यापासून पाहुणीसारखी बसून आहे मी या घरात. हे एवढं तरी करू द्या ना!

ओनर : बरं बाई. ही बसले बाकावर. तोंडाला कुलूप.

सबाइना : अगंबाई! हे नवीनच.

(पाव भांड्यातून निघतो. बूड काळंकुट्ट.)

डेलिया : करपला मेला...

ओनर : असला पाव आमच्या घरातून बाहेर? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!

सबाइना : काळं मी खरवडून टाकीन. डेलिया, तुझ्या हातानं दे.

डेलिया : घे. दुधात कुस्करून भरव.

सबाइना : तुझे कसे गं आभा—

ओनर : जीभ आवर! आभार मानलेस की गुण गेला. पळ, पोराकडे जा.

डेलिया : गेली. गुण येईल ना, सासूबाई?

ओनर : न यायला काय झालं? आता कुणाचं पोर खोकलं की बाया तुझ्याच दारात येणार.

डेलिया : आणि मी त्यांना करपलेले पाव देणार!

ओनर : हात बसेल हळूहळू. पिठाचा डबा उद्यापासून खालच्या फळीवर ठेवू. बुटकी आहेस, वर पोचायची नाहीस.