सतरा कोस आणि अडीच तास

अध्यक्षस्थानी बसलेले डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरचे मानाचे पाहुणे, प्रसूतिगृहातल्या सगळ्या सिस्टरबाई, आणि चहाच्या वासानं मागं जमलेली आमची गल्ली, तुम्हा सगळ्यांना शिवबाईचं शरणु शरणार्थी.

मला अक्षर येत नाही. मी सांगितलं, गुरप्पा मास्तरांनी लिहिलं, आणि आता तेच वाचतायत. मी समोरच बसलेय. मधे शब्द गोड केले तर बघून घेईन.

माझी नात चन्नम्मा नर्स होऊन मस्कतला निघाली. तिकीट आलं, आज निरोपाचे हारही आले. माझा होकार तेवढा राहिलाय. तिच्या बापानं, माझ्या जावयानं मल्लप्पानं, सांगितलंय, "अव्वानं वाढवलं, अव्वा हो म्हणली तरच जा." महिना झाला त्याला.

मी पोरीला विचारलं, "किती लांब गं?"

"मुंबईपास्नं सोळाशे किलोमीटर, अव्वा."

"मुक्काम कुटं?"

"मुक्काम न्हाय. अडीच तासात तितं."

सभाजनहो, तुम्ही तरी विश्वास ठेवला असता का? मी तिकीटवाल्याला गाठलं. "बाबा, अडीच तास इमानात बसल्यापास्नं, का मुंबई दिसंनाशी झाल्यापास्नं?" त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "आजी, वर-खाली धरून तीन म्हणा."

सोलापूर ते मुंबई रात्रभर आगगाडीत अंग मोडायचं, आणि अख्खा समुद्र तीन तासांत! अध्यक्षमहाराज, हे मोजलं कुणी? वरती मैलाचे दगड रोवले कुणी?

आमच्यात शिदोरी मुक्काम मोजून करतात. सोळाशे ऐकून मी चाळीस कडक भाकऱ्या केल्या होत्या. पोरगी म्हणते, "अव्वा, भूक लागायच्या आत पोचते की मी!" तरी मी ती चवड फडक्यात बांधूनच ठेवली.

कारण मला एकच अंतर पाठ आहे. इथून सतरा कोस. चन्नम्माची आई, माझी ईरम्मा, मंगळवेढ्याला दिली होती. चोवीस वर्षांमागं निरोप आला, अडलीय, लवकर या. भीमेला पूर. नाव बंद. दोन दिवस मी काठावर बसून होते. पलीकडची झाडं दिसायची. तिसऱ्या दिवशी पोचले, तर पाळण्यात ही होती. ईरम्मा नव्हती.

जिला नदी ओलांडता आली नाही, तिनं समुद्रापार नात कशी धाडावी? हेच मी परवा पोरीला बोलले. ती चिडली नाही. म्हणाली, "अव्वा, तितं बी कुणाची तरी लेक अडतीया. तिची आय बी काठावरच बसली असंल की."

मग मी मास्तरांना गाठलं, म्हटलं, लिहा. 

मास्तरांना शपथ घातली होती, हे आधी फोडायचं नाही म्हणून. चन्नम्मा, ऊठ. सगळ्यांसमोर सांगते, जाऊन ये. कुणाची लेक अडली, तर पळत जा.

डॉक्टरसाहेब, तुम्ही माझ्या पोरीला हे काम शिकवलंत, तुमचे उपकार. गल्लीकरांनो, चहा पिऊनच उठा. म्हातारीचं बोलणं लांबलं, काही कमी-जास्त गेलं असेल तर पोटात घाला. आणि मास्तर, आता कागद मिटा. पोरीला जवळ येऊ द्या. मला तिचं तोंड नीट बघायचंय.