दोन उजव्या बाह्या

नणंद: दोन्ही उजव्या?

भावजय: दोन्ही उजव्या, वन्सं. एक बाही कापली की कागदी साचा पालथा करायचा आणि मग दुसरी कापायची. सगळा जन्म यात गेला माझा. झोपेतसुद्धा विसरणार नाही म्हणायचे, आणि झोपेतच विसरले.

नणंद: आणि कोटाचं कापड?

भावजय: गिऱ्हाइकाचं. वाया गेलं. पोरगा शिवायला बसला तेव्हा कळलं. बिचारा गिऱ्हाइकासमोर मान खाली घालून उभा राहिला. ते गेल्यावर त्यानं माझी कात्री कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. भांडला असता तर बरं झालं असतं.

नणंद: घाबरलाय गं तो. आणि हे काय, तुझ्या उजव्या हाताला बाहीच नाही?

भावजय: उसवून टाकली. कापड टेकलं की निखारा ठेवल्यासारखं होतं. दुनियेच्या बाह्या शिवायच्या, त्यात आपली एक कमी झाली तर बिघडलं कुठे?

नणंद: मेली नागीण बरी होऊन वर्ष झालं, तरी हात पेटलेलाच! पण त्या गोळीनं थांबलं होतं ना?

भावजय: थांबलं कसलं! दुखणं होतं तिथेच होतं, मीच जागेवर नसायचे. समोर माणूस बोलायचा आणि मला वाटायचं, शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलतंय.

नणंद: प्रेगाबालिनच ना? मला तर मानवली बाई. शुगरनं होणारी पायांची आग निम्म्यानं उतरली. थोडी गुंगी येते, तेवढंच.

भावजय: तुम्ही थिएटरच्या तिकीट खिडकीवर बसता. डुलकी लागली तर लोक काच वाजवतात. मला कोण उठवणार, कापड?

नणंद: घे, काढ माझी अब्रू! आणि त्याआधीची कुठली होती तुझी?

भावजय: गॅबापेंटिन. ती घेतली की जिना बोटीसारखा हलायचा. भिंत धरून उतरायचे.

नणंद: मला आधी ड्युलोक्सेटिन दिली होती. ताट समोर आलं की मळमळ. पण आमच्या शेजारणीला तीच अशी लागू पडली की ती आता मलाच ऐकवते, तुम्ही नेटानं घेतली नाहीत म्हणून! जशी काही गोळी न मानवणं हा माझ्या संस्कारांचा दोष.

भावजय: मला तर सगळेच सांगतात, सवय होईल. कसली सवय? अर्धवट जगायची? मी नाही करून घेणार. त्या दोन बाह्यांनंतर सकाळची गोळी कमी केली मी.

नणंद: मनानं? अगं वेडी की काय! ती एकदम तोडायची नसते, डॉक्टरांनी मला दहादा बजावलंय.

भावजय: डॉक्टरांना विचारून केली हो. एवढी काही अक्कल गहाण टाकलेली नाही. ते म्हणाले, सकाळची हळूहळू उतरवू, रात्रीची राहू दे, हाताला लावायला औषधाची पट्टी देतो. मग नेहमीचं विचारलं, दहापैकी किती दुखतं? म्हटलं, आकडा तुम्हीच घाला. मला डोकं शाबूत पाहिजे. त्यापायी थोडं जास्त दुखलं तर ते माझं मी बघेन.

नणंद: मग आज तोंड का फुगलंय?

भावजय: त्या गिऱ्हाइकासाठी मी नवं कापड आणलंय. आणि ते कापायला आमच्या चिरंजीवांनी बाहेरचा कटर बोलावलाय. माझ्या दुकानात, माझ्या टेबलावर!

(मुलगा कापडाचा गठ्ठा घेऊन आत येतो.)

मुलगा: आत्या, आता तूच समजाव हिला. रात्रभर कण्हत होती.

भावजय: कण्हले. मग?

मुलगा: मग काय, आई! ती गोळी पूर्ण घेत होतीस तेव्हा निदान शांत असायचीस.

भावजय: या गठ्ठ्यासारखी शांत. तू ठेवशील तिथे पडलेली. माझं कण्हणं ऐकू येत नव्हतं म्हणून तुला बरं वाटत होतं. मला नव्हतं वाटत.

मुलगा: तसं नाही गं... तुला असं बघवत नाही मला.

भावजय: ठाऊक आहे रे. पण तुला बघवावं म्हणून मी पडून राहू का?

मुलगा: कात्री हातातून निसटली तर?

भावजय: खाली पडेल. उचलेन.

मुलगा: आणि पुन्हा चुकलीस तर?

भावजय: तर बाहेरच्या माणसाला मीच या टेबलाशी उभं करीन. पण ही चूक माझी आहे. ती निस्तरायला मला दुसऱ्याचा हात नको.

नणंद: दे रे किल्ली.

मुलगा: आत्या, तूसुद्धा?

नणंद: मीसुद्धा. खिडकीखाली ओल्या टॉवेलवर पाय ठेवून तिकिटं फाडते मी. मॅनेजर म्हणाला, हे काय चाललंय? म्हटलं, समुद्रस्नान. तुम्ही तुमचं काम बघा.

मुलगा: दोघी सारख्याच आहात. ही घे. आणि त्या कटरला काय सांगू?

भावजय: सांग, मालकीणबाई कामावर आल्या. पसर कापड. आधी उजवी. हं. आता साचा पालथा, बघतोयस ना? ही डावी.

मुलगा: आई, कापड घासतंय तुझ्या हाताला.

भावजय: म्हणून तर हळू कापतेय.

मुलगा: दुखतंय?

भावजय: दुखतंय. कापड ताणून धर.