पेणची चौकशी

कॉम्प्युटर क्लासच्या फ्रँचायझीच्या फॉर्मवर सही करून नलिनीताई पनवेल स्टँडवर दादरच्या रांगेत उभ्या होत्या. कंपनीच्या माणसाने पेणच्या क्लासची भारी तारीफ केली होती. पुढे गोदूबाई आणि त्यांचा मुलगा निकेश बोलत होते.

"आये, आइस्क्रीमची फ्रँचायझी घेऊ. नाव कंपनीचा, दुकान आपला."

"त्यांचा दुकान पेनला हाय. मी काल जाऊन आली."

"मालक काय बोलला?"

"त्याला कोन इचारतंय? पोरगी देताना नवऱ्याला इचारतात काय? मी त्याच्या बायकोला इचारला."

"मंग?"

"माल चांगला हाय. पन सहा महिन्यांनी कंपनीनं बाजूच्याच गल्लीत दुसऱ्याला दुकान दिला. आपन घेऊ. पन पनवेलमधी दुसरा देनार नाय, असा आधी लिहून घे."

नलिनीताई गोदूबाईंकडे बघतच राहिल्या. मग रांग सोडून चौकशीच्या खिडकीपाशी गेल्या.

"पेणची गाडी कितीला आहे?"